सारख्याच चुका

मनस्वीचे आणि कुंदनचे पुन्हा तेच प्रश्न चुकले होते. नुसते प्रश्नच नाही, निवडलेले चुकीचे पर्यायही तेच.

चंद्रशेखर सरांनी बाहेरून विकत घेतलेल्या सराव परीक्षेचा स्क्रीनवरचा निकाल दोनदा वरखाली केला. बेलापूरला एमबीए सीईटीचा क्लास चालवताना त्यांचे केस पांढरे झाले होते. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात. चुका सारख्या आल्या, की एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय हे नक्की. प्रश्न काय होते ते बघण्याची त्यांना गरजच वाटली नाही.

दोघांना त्यांनी वर्गाच्या दोन टोकांना बसवलं. पुढच्या सराव परीक्षेत पुन्हा तेच. मग त्या दोघांचेच मोबाईल काढून घेतले. तरी तेच. आता सर इरेला पेटले. दोघं एकमेकांशी बोलत नसत, हेही त्यांना खटकू लागलं. काही भानगड नसेल तर एवढा अबोला कशाला?

बाकीच्या वर्गाकडे बघून मात्र त्यांचा ऊर भरून येई. वरदसारखा ढ मुलगासुद्धा पहिल्या पाचात येऊ लागला होता. सरांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

कुंदन दिघ्याहून यायचा. त्याला विचारलं, तर तो मान खाली घालून उभा राहिला. सरांनी तीच कबुली धरली. मनस्वीला त्यांनी वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. ती जासईची. यंदा प्रवेश मिळाला नाही, तर गावाजवळच्या कंटेनर यार्डात कारकुनी धरायची, असं तिच्या घरी ठरलेलं. सरांना ते ठाऊक होतं, म्हणूनच जास्त राग आला होता. उद्यापासून येऊ नकोस, कुंदनलाही तसंच सांगणार आहे, असं त्यांनी तिला सुनावलं.

ती रडली नाही.

"सर, आमी कॉपी नाय करत. माझ्याकडून आत्ता सोडवून घ्या."

सरांनी चुकलेल्यांतलाच एक प्रश्न काढला. गोदामात शंभर खोके होते, ते दोनशे टक्क्यांनी वाढले. आता किती?

"दोनशे टक्के म्हंजे दुप्पट. दोनशे खोके."

"बरोबर," सर म्हणाले. मग त्यांनी स्क्रीन बघितला. तिथे उत्तर होतं तीनशे.

संगणकाच्या नावानं बोटं मोडत ते फळ्याकडे गेले. आधीचे शंभर लिहिले. वाढलेले दोनशे लिहिले. बेरीज केली आणि खडू हातातच राहिला. दोनशे टक्के वाढ म्हणजे दुप्पट, डोळे मिटून लिहा, असं ते वर्षानुवर्षं ठासून सांगत आले होते. चुकलेले बाकीचे प्रश्नही त्यांनी उघडले. सगळे याच जातीचे निघाले.

लाजेनं त्यांचे कान तापले. माफी ओठांवर आली होती, पण मनातली शंका त्याआधी बाहेर पडली.

"मग बाकीच्यांना हे बरोबर कसं आलं? त्यांनाही मीच शिकवलं ना?"

मनस्वीनं बॅग खांद्याला लावली.

"त्यांना पेपर उत्तरांसकट आदल्या दिवशीच मिलतो, सर. सोडवून लिहिनारे आमी दोघंच हाव."