कोरी फीत

सासूच्या दफनासाठी घरचीच कबर पुन्हा उघडत होते. फ्लॉसी म्हणाली, "आधी माझ्या नवऱ्याचं पदक वर काढा. एकाहत्तरच्या लढाईतलं, छातीवर लावूनच पुरलंय पॉलला." शेजारच्या फर्डिनंडला घाम फुटला. लढायांतली पदकं जमवायचा त्याला भारी नाद. पॉलच्या पेटीचं झाकण ठोकताना त्यानंच ते हळूच काढून घेतलं होतं. कुदळ आणतो म्हणून तो घरी सटकला, पदक मुठीत लपवून आला, खड्ड्यात उतरला आणि माती चिवडत ओरडला, "सापडलं!" फ्लॉसीनं ते पदरानं पुसलं. वसईच्या खाऱ्या मातीत पॉलच्या गणवेशाची चिंधीही उरली नव्हती, पदक मात्र लख्ख, फीत कोरी. पॉलिश करायची हौस नडली. तिनं ते फर्डिनंडच्याच कोटावर टोचलं. "छान सांभाळलंत, भाऊजी. आता दर रविवारी मिस्साला लावून या. कुणी विचारलं तर सांगा, कुठल्या लढाईत मिळालं."