चि. सईस

दुपारच्या शांततेत मोडेम आपणहून किरकिरला. नमिता पिठाच्या हातांनीच धावली. पडद्यावर आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, ई-मेल आली होती. वर ‘चि. सईस’ आणि सोबत एक चित्र. आबांना जाऊन दोन महिने झाले होते.

मोडेमची वायर उपटून तिने तळोज्याला भावाला फोन लावला.

“ताई, उघडू नको हं! व्हायरस असतो तो. ओळखीच्या नावानं येतो, उघडलं की आपल्याकडच्या सगळ्या पत्त्यांवर जातो.”

“पण आबांच्या कॉम्प्युटरवरून?”

“तो तर माझ्या माळ्यावर बांधून ठेवलाय.”

नमिता वळली. पाच वर्षांची सई खुर्चीवर चढली होती. चित्र उघडलं होतं, आणि वायर नसतानाही एकेका पत्त्यावर मेल जात होती.

“आई, आबा सगळ्यांकडे निघालेत. थांबवू त्यांना?”