तक्रारीचं स्तोत्र

गाण्याच्या सरावाला पोचेपर्यंत तिचे पाय अगदी मोडून आले होते. दिवसभर लॉन्ड्रीत उभ्याने चादरींना आणि पडद्यांना इस्त्री केली होती, आणि इथे पुन्हा उभंच राहायचं होतं. चर्चच्या दारातूनच परत फिरावं असं तिला वाटलं. पण सोबत शेजारच्या मावशी होत्या, आणि मावशींच्या तावडीतून सुटणं सोपं नव्हतं.

"नुसती उभी राहा," मावशी म्हणाल्या. "गायली नाहीस म्हणून कुणी फासावर चढवत नाही."

सात महिने ती गायली नव्हती. आधी ती कामाला होती त्या लॉन्ड्रीच्या कोठीत मालकाच्या भावाने तिला मागून धरलं होतं आणि तिच्यावर बलात्कार केला होता. तो आता तुरुंगात होता. तिच्या पाठीला मात्र ते पटत नव्हतं. मागे कुणी नुसतं खोकलं तरी ती दचकायची. आणि इथे गाताना वर्षानुवर्षं बायका पुढे, पुरुष मागे. देवाशीही तिने अबोला धरला होता. लोक म्हणायचे, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तिला वाटायचं, करा बापड्यांनो, माझ्यात तेवढं त्राण नाही.

ती आत आली आणि थबकलीच. आज पुरुष पुढे उभे होते. खर्जातल्या आवाजामुळे ज्याला सगळे ढोल म्हणत, तो ताडमाड वेल्डर तर पहिल्या रांगेत अगदी मधोमध. त्याच्यामागे बुटक्या बायका पार गडप झाल्या होत्या. एकीचा फक्त अंबाडा तेवढा दिसत होता. सगळ्यांच्या मागे, भिंतीलगत, एक जागा मोकळी ठेवलेली होती.

"बाई, रविवारी लोकांना आमची तोंडंच दिसणार नाहीत," अंबाडा कुरकुरला.

"लोकांचं भलंच होईल," गाणं शिकवणाऱ्या बाई पियानोवरून म्हणाल्या.

कुणी तिला ये म्हटलं नाही, की कशी आहेस म्हणून विचारलं नाही. ती मुकाट्याने त्या जागेवर जाऊन उभी राहिली. पाठ भिंतीला टेकवली. समोर नुसत्या पाठी, आणि मागे थंडगार भिंत. तिने कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

बाईंनी कागद वाटले. "या वेळी स्तुतीचं गाणं नाही. तक्रारीचं स्तोत्र आहे. देवाला जाब विचारायचाय, तेव्हा उगाच गोड गोड गाऊ नका."

तिने कागद वाचला. कुणीतरी देवाला विचारत होतं, कुठे होतास तू? किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस? आणि हे चर्चमध्ये, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने गायचं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की असलं काही मनात येणंसुद्धा पाप आहे. तिला राग आला, भयंकर राग आला, आणि तो राग आल्यावर जरा बरं वाटलं.

पहिली दोन कडवी तिने नुसते ओठ हलवले. तिसऱ्याला आवाज फुटला. एक ओळ नीट गेली. पुढच्या ओळीत स्वर वर चढला आणि तिचा आवाज टरकन फाटला.

बाईंनी सवयीने पियानोवर हात आपटला. "कोण बेसूर?" त्या ओरडल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

एकानेही मान वळवून मागे पाहिलं नाही.

"मी, बाई," ढोल म्हणाला.

एवढा वरचा स्वर त्याच्या सात पिढ्यांत कुणाला लागला नसता. कुणीतरी खुदकन हसलं. हसणारी आपणच आहोत, हे तिला जरा उशिराच कळलं.

"तो कुठला? मीच होते," ती म्हणाली. "परत घ्या, बाई. 'कुठे होतास'पासून."