पहिला घोट

हॉस्पिटलमधली रात्रपाळी संपवून मी आणि मारिसेल अराद भागातल्या आमच्या खोलीवर आलो. रजा मिळाली नव्हती, म्हणून मारिसेलने मायदेशातला आईचा अंत्यविधी फोनवरच पाहिला. "खलास," म्हणाली आणि खालच्या फिलिपिनो दुकानातून गरम बलूट आणून जिन्यात बसली. बलूट म्हणजे बदकाचं उकडलेलं अंडं, आत अर्धवट वाढलेलं पिल्लू. मी पक्की शाकाहारी, त्यामुळे ते खोलीत आणायचं नाही, असं आमचं ठरलेलं. आज मात्र अंडं तिच्या हातात तसंच राहिलं. "खाऊन घे आणि झोप," मी दारातून म्हटलं. "टोक फोडायचं, आधी आतलं पाणी प्यायचं," ती पुटपुटली. "पण पहिला घोट आई घ्यायची. मला भाजू नये म्हणून." माझे पाय भरून आले होते. मी शेजारी बसले, अंड्याचं टोक फोडलं आणि डोळे मिटून घोट घेतला. "गरम आहे गं. फुंकून पी."