सेनापतींचे मौन

"इतिहास स्वतः बोलतो. माणसाने मध्ये तोंड घालू नये!" सेनापतींनी पहिल्या पायरीवर जाहीर केले, आणि तिसरा मजला येईपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलू दिले नाही.

दुसरे कुणी म्हणजे बायको. सेनापती हे नावही तिनेच ठेवलेले. एरवी गृहस्थांनी आयुष्यात उंदीरसुद्धा मारला नव्हता. ते पटावरचे ऐतिहासिक खेळ रचत. गेली नऊ वर्षे एकच खेळ चालू होता. दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका किल्ल्याला पडलेला वेढा. नऊ वर्षांत घरातल्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवले नव्हते.

खेळ छापणाऱ्या कंपनीची अट साधी होती. परक्या माणसांनी नुसती नियमपुस्तिका वाचून खेळ खेळायचा. कर्त्याने समोर बसायचे, पण गप्प. खोक्याबरोबर कर्ता काही घरोघर जात नाही, असे मालकांचे म्हणणे. कर्त्याच्या तोंडून एक अक्षर निघाले की खेळ बाद. आणि तीनदा बाद झालेला खेळ पुन्हा दारात आणायचा नाही.

सेनापती दोनदा बाद झाले होते. पहिल्यांदा तिसऱ्या मिनिटाला, दुसऱ्यांदा अकराव्या. दोन्ही वेळा आरोळी एकच: "अहो, असं झालंच नव्हतं!"

"आज जीभ दातांखाली धरा," बायको कंपनीच्या दाराशी म्हणाली. "नऊ वर्षं मी त्या किल्ल्याभोवतीनं केर काढलाय. आज बोललात, तर किल्ला माळ्यावर. आणि सोबतीला तुम्ही."

नवे बूट करकरतात, तोही आवाज धरतील, म्हणून तिने त्यांना साध्या चपला घालायला लावल्या होत्या. तयारीत कसूर नव्हती.

आत पट मांडला गेला. वेढा घालणारे सैन्य कंपनीच्या जाहिरातवालीकडे आले. "इतिहास कुणी विकत घेत नाही हो," ती सोंगट्या लावत म्हणाली. "शाळेत फुकट वाटत होते, तेव्हाही कुणी घेतला नाही." तिच्यासमोर कंपनीचे खोके बनवणारा कारागीर. किल्ला त्याच्याकडे. भिंतीलगतच्या बाकावर सेनापती आणि बायको. पटही दिसावा आणि कर्त्याचा चेहराही, म्हणून मालक त्यांच्या अगदी पुढ्यात बसले. मालक भरभक्कम, दिलखुलास गृहस्थ. हसले की खुर्चीसकट हसत.

चाळीस मिनिटे सेनापतींनी दम धरला. मग किल्ल्यातले धान्य संपत आले. इतिहासात इथे किल्लेदाराने दरवाजा उघडला होता आणि तलवार खाली ठेवली होती. खोकेवाल्याने मात्र पुस्तिका उघडली, ओळीवर बोट ठेवून वाचले, आणि बुरुजावरची तोफ उचलून नावेत ठेवली.

"तोफ? नावेत?" जाहिरातवाली किंचाळली.

"नाव आठ ओझी नेते. तोफ सहा ओझ्यांची. नको म्हणून कुठं लिहिलंय? अहो ताई, मी रोज मालच भरतो. बसते!"

सेनापतींचे तोंड उघडले. बायकोने डोळे मिटले. मालक उत्साहाने खुर्ची पुढे सरकवून बसले.

आवाज आला नाही.

बायकोने एक डोळा उघडला. तोंड तसेच उघडे होते. कपाळावर घाम होता. दोन्ही हात बाकाच्या कडेला गच्च होते. मग ते तोंड, बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच, काही न बोलता मिटले.

तोफ नदीपार गेली आणि वेढ्याच्या पाठीमागून धान्याच्या कोठारावर धडाडली. जाहिरातवाली उठून उभी राहिली. "थांब तू, तुझा खोकाच बंद करते!" म्हणत तिने राखीव घोडदळ आणले. खोकेवाल्याने पूल तोडला. मालक मांडीवर थाप मारून गदगदा हसले, आणि सेनापतींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"बघा, बघा!" मालक भारावून गेले. "माणूस नुसता बसून लढतोय. प्रत्येक घाव स्वतः सोसतोय!"

"माझ्या ऑपरेशनच्या वेळीही एवढं वाटलं नव्हतं हो यांना," बायको पदराने डोळे टिपत म्हणाली.

शेवटचा हल्ला. जाहिरातवालीला पाच किंवा सहा हवे होते. फासा घरंगळत नदीपर्यंत गेला आणि चारावर थांबला.

वेढा उठला. दोनशे वर्षांपूर्वी पडलेला किल्ला त्या दुपारी ताठ उभा राहिला. खोकेवाल्याने दोन्ही मुठी वर केल्या. जाहिरातवाली खुर्चीत कोसळली, आणि लगेच पुढे झाली.

"परत लावा. आता किल्ला माझा. आणि हा खेळ मीच विकणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत टाका, 'असंही झालं असतं!'"

"छापला!" मालक गरजले. "पहिल्याच खेपेला पाच हजार! पंचवीस वर्षांत मी असा कर्ता पाहिला नाही. समोर त्याचा इतिहास उलटा होतोय, आणि पठ्ठ्या हूं की चूं करत नाही. सेनापती, जिंकलात. मौन सुटलं तुमचं. बोला आता!"

बायकोची मान अभिमानाने उंचावली. पहिलेच वाक्य जाहिरातीत घ्यावे, म्हणून जाहिरातवालीने वही उघडली. सेनापतींनी खोल श्वास घेतला.

"साहेब," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "खुर्ची जरा उचलता का? खाली माझा पाय आहे."