चष्म्यावाचून

तिने पिशवी पुन्हा खाटेवर उलटी केली. रुमाल, किल्ल्या, औषधाच्या गोळ्या, प्रार्थनेचं जुनं पुस्तक. चष्मा नव्हता.

“मघाशी होता हो! तुम्हांला तोंड धुवायला पाणी आणायला गेले, तेव्हा इथेच ठेवला होता.”

“शोध,” नवरा म्हणाला. तो उताणा पडून होता, एक हात उशीखाली घालून. “न्यायला येतीलच आता.”

छातीचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. 

चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की तिलाच बोलावणं यायचं. पुस्तक उघडून ती खणखणीत आवाजात वाचायची. दुखणाइतासाठी वेगळी प्रार्थना, प्रवासाला निघालेल्यासाठी वेगळी, शेवटच्या घटकेची वेगळी. नवरा मागे उभा राहून आमेन म्हणायचा. तो मोटारी दुरुस्त करायचा. बॉनेट उघडायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचा.

“राहू दे पुस्तक,” तो म्हणाला. “तूच बोल.”

तिने डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. बाहेर स्ट्रेचरच्या चाकांची खडखड ऐकू आली आणि घाईघाईत तोंडाला आलं तेच ती बोलून गेली. “हे प्रभू, आमच्यापुढे वाढलेल्या या अन्नाला आशीर्वाद दे...”

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा फिसकन हसले. “अहो बाई, उपाशी ठेवलंय त्यांना कालपासून!”

तिला हसू आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती भांडी घासता घासता देवाशी बोलायची. त्याच्यावर रुसायची. दूध उतू गेलं तरी गाऱ्हाणं त्याच्याकडेच. ते कधी थांबलं? काही केल्या आठवेना. मग इतकी वर्षं लोकांच्या उशाशी बसून ती बोलत होती तरी कुणाशी? ऑपरेशनची भीती बाजूलाच राहिली. आता हाक मारली आणि देवाने आपल्याला ओळखलंच नाही तर?

स्ट्रेचर खाटेला येऊन भिडलं. “चला काका,” नर्स म्हणाली.

“थांबा!” ती ओरडलीच. नवऱ्याचा पाय तिने घट्ट धरला. “देवा, मला काही सुचत नाही रे. किती वर्षांत मी तुझ्याशी बोललेच नाही, नुसती वाचत राहिले. मला भीती वाटते. यांना माघारी आण. आणि मला... मला टाकू नकोस.”

ती नुसती हुंदके देत राहिली.

“आमेन,” नवरा म्हणाला. आजोबांनीही मान खाली घातली.

स्ट्रेचर निघालं. दाराशी त्याने नर्सला थांबवलं, चादरीखालचा हात बाहेर काढला आणि बायकोच्या हातात काहीतरी ठेवलं. तिचा चष्मा.

“मीच लपवला होता,” तो म्हणाला. “तुझा आवाज ऐकल्याशिवाय आत जायची भीती वाटत होती गं.”