देवधरांचे तीन

जिल्ह्याला वीज पुरवणाऱ्या कृत्रिम सूर्याचा प्रकाश मोजणारा जुना वर्णपटमापक आज बदलला, म्हणून तिथल्या निवृत्त इंजिनीअर सुलभाताई पोंक्षेंना मुद्दाम बोलावलं होतं.

“मॅडम, प्रकाशावरून आयनांचा वेग काढताना दर वेळी तीन वजा का करतात?” नव्या इंजिनीअर रेहानाने विचारलं.

सुलभाताई हसल्या. “ते यंत्र बसवलं माझे सहकारी देवधरांनी, आणि त्यांना चहाची घाई! यंत्र जुळवायचा दिवा नीट तापायच्या आतच त्यांनी शून्याची खूण केली. मग एका खुणेसाठी सूर्य कोण विझवणार? वीस वर्षं आम्ही देवधरांचे तीन वजा करत राहिलो.”

देवधरांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

“नव्या यंत्रातही करायचे?”

“छे! वेग चुकला तर सूर्य भट्टीच्या भिंतीला घासेल.”

प्रोग्रॅममधली तीन वजा करणारी ओळ सुलभाताईंनी स्वतःच पुसली. पडद्यावर बिनचूक आकडा आला. त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यात देवधर नव्हते.